सकाळचा वास वेगळा, टाकी भरल्यानंतरचा वेगळा

वाचकाचे पत्र

नाशिकला राहते, शाळेत शिक्षिका आहे. आमची २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ७८ हजार किलोमीटर झालेली. दिवाळीआधी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा पिकअप कमी आहे म्हणून गॅरेजवाल्यांनी इंजेक्टर काढून साफ करून दिले. गाडी छान पळू लागली. पण थंडी पडल्यापासून सकाळी गाडी चालू केली की समोरून पेट्रोलचा वास येतो आणि शाळेत पोचेपर्यंत गेलेला असतो. टाकी फुल केली की मात्र पुढचे दोन दिवस मागच्या सीटवर वास येतच राहतो. तिसरीतला मुलगा मागे बसतो, तो म्हणतो डोकं दुखतं. गॅरेजमध्ये न्यावं तर तोवर वास नसतो. एकांनी एअर फिल्टर बदलला, दुसऱ्यांनी टाकीचं झाकण बदलून दिलं. फरक नाही. मायलेज पूर्वीइतकंच आहे. गाडी बंगल्याच्या बंद पार्किंगमध्ये उभी असते. गाडीचं वय झालं म्हणून हे होतंय का? आणि तोवर चालवू की नको?

सल्ला

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते आजच हवं आहे. बोनेटखाली कुठे ओलं आहे का हे तपासून होईपर्यंत गाडी चालवू नका, आणि बंद पार्किंगमध्ये तर चालूच करू नका. न्यूट्रलमध्ये टाकून दोघा-तिघांनी ढकलत उघड्यावर आणा. मुलाला तूर्त रिक्षाने किंवा शाळेच्या व्हॅनने जाऊ द्या.

एवढी घाई का, तेही सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, फरशीवर पसरते आणि बंद जागेत साचून राहते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असेल तर एक ठिणगी पुरते. आता आपल्याकडच्या बंगल्यांच्या पार्किंगमध्ये खाली काय काय असतं ते आठवा: पाण्याची मोटर आणि तिचा स्टार्टर, इन्व्हर्टर, कुठे वॉशिंग मशीन, कुठे गॅस गिझर. मोटरचा स्टार्टर पडताना ठिणगी उडते, तीही नेमकी फरशीपासून हात-दोन हात उंचीवर. म्हणून सकाळी पार्किंगचं दार उघडल्यावर वास उग्र असेल तर दिव्याचं बटणही दाबू नका, चालू असेल तर बंदही करू नका. दार सताड उघडा, बाहेर थांबा, वास गेल्याशिवाय मोटर लावू नका. गाडीखाली पेट्रोलचं थारोळं दिसलं तर ११२ किंवा १०१ ला फोन करायला संकोच करू नका. आणि हा प्रश्न सुटेपर्यंत डॅशबोर्डवर उदबत्ती लावणं पूर्ण बंद. कापूर किंवा परफ्यूमची बाटली ठेवून वास झाकूही नका. तो वास हीच तुमच्याकडची एकमेव सूचना आहे.

मुलाच्या डोकेदुखीकडे दुर्लक्ष करू नका. आपलं नाक पेट्रोलच्या वासाला काही मिनिटांत सरावतं आणि चालवणाऱ्याला वाटतं की वास गेला. मागे बसलेल्या मुलाला टाकीच्या बाजूची वाफ जास्त मिळते. पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझिन असायला परवानगी आहे आणि ते रोज श्वासातून जावं असं नक्कीच नाही. वास आहे की गेला, हे ठरवायला नेहमी बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला गाडीत डोकावायला सांगा.

वय हे कारण नाही. तेरा वर्षांची गाडी वास न मारता चालू शकते, चाललीही पाहिजे. तुमच्या पत्रात एक वास नसून दोन आहेत, आणि दोघांच्या वेळा तुम्ही स्वतःच अचूक लिहिल्या आहेत. गॅरेजमध्ये हीच माहिती कोणी नीट ऐकून घेतलेली दिसत नाही. पेट्रोलच्या वासाचं निदान पार्ट बदलत बसून होत नाही. तो केव्हा येतो आणि कुठल्या बाजूने येतो, यावरून होतं.

सकाळचा, समोरून येणारा वास आधी घेऊ, कारण धोक्याचा तोच आहे. गाडीत येणारी बाहेरची हवा वायपरच्या खालच्या जाळीतून आत खेचली जाते. बोनेटखाली कुठे पेट्रोल पाझरत असेल तर त्याची वाफ तिथूनच आत येते. पुढे गाडी चालवाल तेव्हा ब्लोअरचं हवा आत फिरवण्याचं बटण दाबून बघा. वास लगेच कमी झाला तर उगम बोनेटखाली आहे, असं जवळजवळ धरून चाला.

दिवाळीच्या सर्व्हिसिंगला इंजेक्टर, म्हणजे इंजिनला पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, निघाले होते, आणि वास त्यानंतर सुरू झाला. इथेच बघायचं. प्रत्येक इंजेक्टरला दोन ओ-रिंगा, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या गोल रबरी कड्या, असतात. वरची ओ-रिंग इंजेक्टर आणि फ्युएल रेल (सगळ्या इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी आडवी नळी) यांच्या सांध्यात बसते. त्या रेलमध्ये पेट्रोल साधारण तीन ते चार बार दाबाने उभं असतं, म्हणजे तुमच्या टायरमधल्या हवेच्या साधारण दीडपट. तिथे केसाएवढी फट राहिली तरी पेट्रोल बाहेर येतं. खालची ओ-रिंग इंजेक्टर आणि इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या मध्ये असते. ती खराब झाली तर पेट्रोल बाहेर येत नाही, उलट हवा आत खेचली जाते आणि गाडी उभी असताना चालू इंजिन थरथरतं. तुमची तक्रार वरच्या रिंगची आहे.

थंडीतच वास का येतो? रबर जुनं झालं की दाबून दाबून चपटं होतं, कडक होतं. नाशिकला पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास आला की ते आणखी आक्रसतं आणि चावी फिरवताच दाब आला की सांध्यातून पाझर सुरू होतो. इंजिन तापलं की रबर मऊ होऊन फुगतं, फट बुजते. जे थेंब बाहेर आले ते गरम इंजिनवर उडून जातात. म्हणून गॅरेजमध्ये पोचेपर्यंत ना वास राहतो ना ओल. मेकॅनिकने दुपारी बोनेट उघडून 'काही नाही' म्हटलं, ते त्याच्या परीने खरंच होतं. त्याने बघितलं ते चुकीच्या वेळी.

बघायचं ते पहाटे, गाडी रात्रभर उघड्यावर उभी राहिल्यानंतर, आणि इंजिन चालू न करता. दोन माणसं लागतात. बोनेट उघडा आणि पाच मिनिटं तसंच राहू द्या. एलईडी बॅटरी घ्या. जुन्या बल्बचा तारेवरचा हँडलॅम्प नको, काडी किंवा लायटर तर नकोच. एबीसी पावडरचं एक-दोन किलोचं अग्निशामक हाताशी असू द्या. काही इंजिनांत रेलवर प्लास्टिकचं मोठं आवरण असतं, ते हाताने ओढून निघतं. आता एकाने चावी फक्त ऑनपर्यंत फिरवायची, सेल्फ मारायचा नाही. मागच्या सीटखालून दोन सेकंद घूंऽऽ असा टाकीतल्या पंपाचा आवाज येईल आणि थांबेल. चावी बंद करून दहा सेकंदांनी पुन्हा. असं तीन-चार वेळा केलं की रेलमध्ये पूर्ण दाब येतो. मग चावी बंद ठेवून दुसऱ्याने पांढऱ्या टिश्यूचं टोक एकेका इंजेक्टरच्या वरच्या सांध्याभोवती, रेलच्या टोकाला आणि रेलला येणाऱ्या नळीच्या जोडाला फिरवायचं. दर जागेला नवीन टिश्यू. ओला डाग आणि वास आला तर जागा सापडली. सापडताच तिथेच थांबा. गाडी चालू करून गॅरेजला नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी टो करून न्या. तुमच्या विमा पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीचा भाग आहे का, ते आधी तपासा.

टिश्यू कोरडा राहिला तरी डोळ्यांनी एक गोष्ट पाहा. पेट्रोल उडून जाताना खूण ठेवतं. सगळीकडे धूळ आणि एका इंजेक्टरखाली मात्र धुतल्यासारखा स्वच्छ ओघळ, किंवा पिवळट-तपकिरी चिकट डाग, हे पाझराचं लक्षण आहे.

दुरुस्ती महाग नाही, पण नीट व्हायला हवी. आधी रेलमधला दाब काढायचा. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन चालू करायचं. ते काही सेकंदांत आपोआप बंद पडतं. मग दोन-तीन सेकंद सेल्फ मारायचा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची आणि इंजिन थंड होऊ द्यायचं. (रेल आधीच गळत असेल तर इंजिन चालू करायचा हा प्रकार नको, बॅटरी काढून, नळीच्या जोडाभोवती जाड फडकं गुंडाळून दाब हळूच सोडतात.) रेलचे बोल्ट काढल्यावर इंजेक्टर रेलसकट सरळ वर येतात.

नव्या ओ-रिंगा तुमच्या गाडीच्या पार्ट नंबरच्याच घ्या आणि वरच्या-खालच्या दोन्ही, सगळ्या इंजेक्टरांच्या एकदम बदला. पेट्रोलला टिकणारं रबर वेगळं असतं, गॅरेजमध्ये त्याला व्हिटॉन म्हणतात. पाण्याच्या नळाची किंवा हार्डवेअरच्या डब्यातली 'मापात बसणारी' काळी रिंग चालत नाही. ती महिन्या-दोन महिन्यांत फुगते. काढलेली जुनी रिंग मागून घ्या आणि नवीच्या शेजारी तळहातावर ठेवा. नवीची कड सगळीकडून गोल असते. जुनी एका बाजूने सपाट झालेली दिसेल, नखाने दाबली तर खळगा लगेच भरून येणार नाही, कदाचित एका जागी बारीक चीर किंवा कापल्याची खूणही दिसेल. ती चीर असेल तर इंजेक्टर पुन्हा बसवताना रिंग कोरडीच दाबून घातली, असं समजा. नवीवर इंजिन ऑइलचा एक थेंब बोटाने फिरवून लावायचा. ग्रीस किंवा सिलिकॉन नाही. इंजेक्टर सरळ खाली गेला पाहिजे. रेलचे बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली तर रेल तिरकी होऊन रिंग चिमटते. बोल्ट किती आवळायचा याचा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, अंदाजाने जोर काढू नये.

गळणाऱ्या जागेवर एम-सील, टेफ्लॉन टेप, गॅस्केटचं सिलिकॉन असलं काही लावायला निघालेल्या माणसाच्या हातून गाडी काढून घ्या. सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं, टेप तिथे काही अडवत नाही आणि तीन बारचा दाब एम-सीलचा थर अलगद उचलतो. अशा ठिकाणी जुगाड म्हणजे आगीला आमंत्रण.

एक सावधानता सर्वांसाठी. हे सगळं साध्या मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या, म्हणजे सिलिंडरच्या बाहेर पेट्रोल फवारणाऱ्या गाडीबद्दल आहे, तुमची तशीच आहे. अलीकडच्या काही टर्बो पेट्रोल गाड्यांत डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे थेट सिलिंडरमध्ये फवारा, असतं आणि तिथे दाब २०० बारच्या वर जातो. तो फवारा कातडीत घुसतो. त्या गाड्यांना घरी हात लावायचा नाही.

रिंगा ठीक निघाल्या तर दुसरा संशय नळीवर. टाकीकडून येणारी नळी जिथे इंजिनच्या रबरी होजला किंवा रेलला जोडते तिथे झटकन बसणारा प्लास्टिकचा जोड असतो आणि त्याच्या आतही छोटी ओ-रिंग असते. इंजेक्टर काढताना तो जोड सोडावाच लागतो. परत बसवताना 'टक' आवाज आला नसेल तर तो अर्धवट अडकलेला राहतो. बसवल्यावर जोड मागे ओढून बघायचा, हलला नाही पाहिजे. रबरी होज वाकवून पाहिली आणि बारीक भेगा दिसल्या तर ती बदला. इंजेक्शनच्या गाडीला जास्त दाबाचीच होज लागते, कार्ब्युरेटरच्या काळातली साधी पेट्रोल नळी नाही. आणि क्लिप गोल पट्टीची, कडा वळवलेली घ्या. दात असलेल्या साध्या जुबली क्लिपची पट्टी रबर कापते.

उंदराचाही विचार करा. बंगल्याच्या पार्किंगमध्ये, विशेषतः पावसाळ्यात आणि थंडीत, ते उबेला इंजिनवर येऊन बसतात आणि वायरींइतकीच रबरी नळीही कुरतडतात. बॅटरीच्या ट्रेमध्ये लेंड्या, बोनेटच्या आतल्या अस्तराचे तुकडे, अर्धवट खाल्लेला पाव किंवा पोळीचा तुकडा सापडला तर नळीचा प्रत्येक इंच बोटाने चाचपा. दातांच्या दोन समांतर खुणा लगेच कळतात.

आता मागच्या सीटचा वास. इथे माझा पहिला प्रश्न असा: टाकी फुल करताना पंपावरचा मुलगा नोझल 'टक' करून बंद पडल्यावर पुन्हा दाबून रक्कम पूर्ण करतो का? १,९६३ चे २,००० करायचे म्हणून? आपल्याकडे ही सर्रास सवय आहे आणि बऱ्याच वासांचं मूळ तिच्यात आहे. नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल त्याच्यापर्यंत आलं की नोझल आपोआप बंद पडतं. त्यावर उरलेली टाकीतली जागा वाफेसाठी आणि पेट्रोल फुगण्यासाठी मुद्दाम सोडलेली असते. पेट्रोल दर अंशाला साधारण एक हजारांश फुगतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून आलेलं ४० लिटर पेट्रोल उन्हात १५ अंशांनी तापलं तर अर्ध्या लिटरहून जास्त वाढतं. त्याला जागा नसेल तर ते वाफेच्या नळीतून चारकोल कॅनिस्टरमध्ये जातं.

हा कॅनिस्टर म्हणजे कोळशाच्या दाण्यांनी भरलेला काळा प्लास्टिकचा डबा. टाकीतली वाफ तो धरून ठेवतो आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह (डबा आणि इंजिन यांच्यामधली विजेवर चालणारी झडप) उघडला की ती वाफ इंजिनात जाऊन जळते. हा डबा फक्त वाफेसाठी आहे. त्यात पातळ पेट्रोल गेलं की कोळसा भिजतो, मग तो वाफ धरत नाही आणि डब्याच्या हवा येण्याजाण्याच्या नळीतून वास बाहेर येत राहतो. वारंवार भिजला तर दाण्यांचा चुरा होऊन पर्ज व्हॉल्व्हमध्ये अडकतो. कॅनिस्टर काही गाड्यांत बोनेटखाली असतो, काहींत टाकीजवळ.

म्हणून पुढची टाकी भरताना पहिल्या 'टक'ला थांबायला सांगा. रक्कम सुटी राहिली तर राहू द्या. तसं दोन-तीनदा केल्यावर वास येणं थांबलं तर कॅनिस्टर फक्त भिजला होता आणि सुकला, विषय संपला. नाही थांबला तर कॅनिस्टर काढून उचलून बघायला सांगा. भिजलेला डबा हाताला स्पष्ट जड लागतो आणि हलवला तर आत डचमळल्यासारखं होतं. तो सुकवून परत बसवत नाहीत, बदलतात. पर्ज व्हॉल्व्हही त्याच वेळी तपासावा. काढून हातपंपाने हवा मारली तर वीज नसताना हवा आरपार जाता कामा नये, आणि बारा व्होल्ट दिले की टिक आवाज होऊन गेली पाहिजे. तोंडाने फुंकून बघू नका. हा व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर आणखी एक खूण असते: पेट्रोल भरल्यानंतर लगेच गाडी चालू व्हायला त्रास देते, दोन-तीन सेल्फ खाते. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण आठवून बघा.

टाकी अर्धी असताना वास अजिबात नाही आणि फुल असतानाच आहे, याचा दुसरा अर्थ असा की गळती टाकीच्या वरच्या भागात आहे. तिथे दोन जागा. पहिली, मागच्या सीटखालचा पंप. बऱ्याच हॅचबॅकमध्ये सीटची बैठक उचलली की फ्लोअरवर पत्र्याची किंवा प्लास्टिकची झाकणी दिसते. तिच्याखाली टाकीच्या तोंडात पंप बसवलेला असतो आणि त्याच्याभोवती जाड रबरी सील. ते कडक झालं किंवा वरचं मोठं प्लास्टिकचं चाक सैल झालं, की भरलेल्या टाकीतलं पेट्रोल वळणावर, ब्रेकवर उसळून सीलपर्यंत येतं आणि वास थेट सीटच्या फोममधून वर येतो. मुलगा जिथे बसतो त्याच्या बरोबर खाली. झाकणी काढून तिथे नाक नेलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. सीलभोवतीची धूळ ओलसर, काळपट झालेली दिसते. त्या धुळीवर व्हॅक्युम क्लीनर लावू नका, त्याच्या मोटरमध्ये ठिणगी असते. ब्रश आणि फडकं वापरा.

हे सील बदलणं म्हणजे टाकी उघडणं, त्यामुळे घरी करू नका. मेकॅनिककडे नेताना टाकी पाव भरलेली असेल असं बघा. आधी पंपाभोवतीची सगळी माती पुसून मगच चाक सोडायचं, नाही तर ती टाकीत पडते आणि पुढे पंपाची जाळी तुंबते. चाक छिन्नी-हातोडीने ठोकून फिरवतात, ते करू देऊ नका; त्याच्यासाठी वेगळं अवजार मिळतं आणि प्लास्टिकच्या चाकाला तडा गेला तर नवं सीलही गळणारच. बाहेर काढलेलं सील काही मिनिटांत फुगून मोठं होतं आणि खाचेत परत बसत नाही, म्हणून नवं आधी आणून ठेवलेलं असावं.

दुसरी जागा म्हणजे पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंतचा पाइप. तो मागच्या चाकाच्या वर, आवरणाच्या मागे असतो. तिथे चिखल साचतो, पाइप पत्र्याचा असेल तर गंजून सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात, आणि टाकीजवळची रबरी बाही क्लिपखाली फाटते. गाडी कोकणात, समुद्राकाठी राहिलेली असेल तर हे आधी बघावं. खूण सोपी आहे: वास भरतानाच जास्त येतो आणि चाकाच्या आवरणाखाली ओल दिसते. टाकीचं झाकण तुम्ही बदललंच आहे. ते दर वेळी टक-टक आवाज येईपर्यंत फिरवता ना, एवढं फक्त बघा.

इथेनॉलबद्दल अनेकजण विचारतात, म्हणून थोडक्यात. आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि २०१३ सालची गाडी ते डोळ्यांपुढे ठेवून बनलेली नव्हती. काही जुन्या प्रकारचं रबर त्यात लवकर फुगतं किंवा कडक होतं. म्हणून घाबरून गाडी विकायचं कारण नाही. पण एवीतेवी बोनेट उघडलेलंच आहे तर रबरी नळ्या, रिंगा आणि पंपाचं सील एकदा नवं करून घ्या. नवे पार्ट घेताना ते इथेनॉलला चालतात का, हे दुकानदाराला विचारा.

तुमच्या गाडीत नसलेल्या, पण इतर वाचकांच्या गाडीत असू शकणाऱ्या दोन-तीन गोष्टीही सांगतो. वास केबिनमध्ये नसून सायलेन्सरमागे उभं राहिल्यावर येत असेल, तर थंड इंजिनवर पहिलं मिनिटभर तो थोडा येणं ठीक आहे; तेव्हा पेट्रोल जास्त दिलं जातं आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापलेला नसतो. तापल्यावरही येत राहिला, काळा धूर आला, मायलेज पडलं, तर दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०१७२ म्हणजे मिश्रण जड (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), पी०३०० ते पी०३०४ म्हणजे मिसिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं). चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या, कारण न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो लालबुंद होतो. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. तिला पेट्रोलचा भपकारा येत असेल आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल, तर एखादा इंजेक्टर बंद इंजिनातही आत गळतो आहे. त्या पातळ ऑइलवर इंजिन चालवलं की बेअरिंगं जातात. आणि सीएनजी गाड्यांच्या मालकांनी वास ओळखायला शिकावं: गॅसचा वास सडक्या अंड्यासारखा असतो, पेट्रोलचा नाही. गॅसचा असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून थेट अधिकृत केंद्र.

गॅरेजमध्ये सांगताना 'वास येतो, बघा' असं म्हणू नका. असं सांगा: "इंजेक्टर काढल्यानंतर थंड इंजिनवर समोरून वास येतो, गाडी रात्री तुमच्याकडेच ठेवून सकाळी चावी ऑन करून रेल बघा. आणि टाकी फुल असतानाच मागे वास येतो, सीटखालचं सील आणि कॅनिस्टर बघा." जुने पार्ट परत मागा. काम झाल्यावर लगेच गाडी घेऊ नका. पुन्हा एक रात्र थंड होऊ द्या, पहाटे तुमच्यासमोर चावी तीन-चार वेळा ऑन करून टिश्यू फिरवायला लावा. टाकीचं काम झालं असेल तर पहिल्या टकपर्यंत टाकी भरून, दहा-पंधरा किलोमीटर वळणावळणाने फिरवून, झाकणी उघडून पुन्हा बघायचं. गरम इंजिनवर दिलेलं 'ओके' तुमच्या तक्रारीपुरतं निरुपयोगी आहे.

दुरुस्ती झाल्यावरही काही दिवस थोडा वास राहील, कारण सीटचा फोम आणि खालचा गालिचा वाफ धरून ठेवतो. सीटची बैठक काढून दोन दिवस मोकळ्या हवेत सावलीत ठेवा, गालिच्यावर खायचा सोडा रात्रभर पसरून सकाळी झटकून काढा. हा उरलेला वास रोज थोडा थोडा कमी होत जातो आणि सकाळ-संध्याकाळ सारखाच असतो. तो पुन्हा पहाटेच जास्त येऊ लागला, किंवा टाकी भरल्यावर परत आला, तर फोमला दोष देऊ नका. टिश्यू घेऊन पुन्हा पहिल्या इंजेक्टरपासून सुरुवात करा.